कपाळीचा लेख आणि एक घराणे

मूल जन्मले की सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर त्याचे प्राक्तन लिहून जाते, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे. या समजुतीत एक सोय आहे. लेख कपाळावर असल्यामुळे तो ज्याचा त्याला दिसत नाही, आणि इतरांनाही ती लिपी वाचता येत नाही. म्हणून मनुष्य निर्धास्तपणे पेरणी करतो, घर बांधतो, मुलींची लग्ने ठरवतो. परंतु जगात अशीही काही घराणी होऊन गेली की ज्यांना हा लेख आपल्याला वाचता येतो असे वाटत आले. आजा ज्या रोगाने गेला त्याच रोगाने बाप गेला, आत्या गेली, थोरला भाऊ गेला. मग धाकट्याने काय समजावे? कर्करोगाच्या इतिहासात अशा माणसांच्या मनाचा एक निराळा इतिहास दडलेला आहे.

त्यातील एक प्रसिद्ध प्रकरण नेपोलियनचे आहे. त्याचे वडील कार्लो बोनापार्त हे १७८५ च्या फेब्रुवारीत फ्रान्समधील माँपेलिये या गावी वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी वारले. शवविच्छेदनात त्यांच्या जठराच्या खालच्या तोंडाशी कठीण गाठ आढळली. नेपोलियन त्या वेळी १५ वर्षांचा होता. पुढे राज्ये आली आणि गेली. सेंट हेलेना बेटावर कैदेत असता १८२१ साली पोटाच्या विकाराने तो खंगू लागला, तेव्हा आपल्यालाही वडिलांचाच रोग जडला आहे असे त्याच्या मनाने घेतले. अंतोमार्की या आपल्या वैद्याला त्याने सांगून ठेवले की, मृत्यूनंतर आपला देह उघडून जठराची विशेष काळजीने तपासणी करावी आणि तो वृत्तांत आपल्या मुलाला कळवावा, म्हणजे निदान त्याला तरी सावध राहता येईल. ५ मे १८२१ रोजी नेपोलियनचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी देह उघडला तेव्हा जठरात मोठा व्रण आढळला, आणि तो कर्करोगाचाच होता असे बहुतेक अभ्यासक आज मानतात. ज्या मुलासाठी ही सारी खटपट, तो व्हिएन्नाच्या राजवाड्यात वाढत होता. १८३२ साली वयाच्या २१ व्या वर्षी तो क्षयाने मरण पावला. बापाने ज्या वाटेवर पहारा ठेवण्यास सांगितले होते, त्या वाटेने मृत्यू आलाच नाही.

या हकीकतीत भीती आहे, तसाच एक शहाणा विचारही आहे. आपल्याला जे कळले ते पुढच्याच्या उपयोगी पडावे, हा तो विचार होय. मात्र नेपोलियनच्या काळी उपयोगी पडण्यासारखे वैद्यांच्या हाती काहीच नव्हते. पुढची शंभर-दीडशे वर्षे अशा घराण्यांची अवस्था साधारणपणे हीच राहिली: अर्धे ज्ञान पदरी, आणि इलाज मुळीच नाही.

आता सम्राटाला सोडून एका साध्या कष्टकरी स्त्रीकडे वळू. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ॲन आर्बर नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तेथे ऑल्ड्रेड स्कॉट वॉर्थिन नावाचे रोगविकृतिशास्त्राचे तरुण अध्यापक होते. १८९५ साली त्यांच्याकडे शिवणकाम करणारी एक बाई एके दिवशी खिन्न दिसली. कारण विचारता ती म्हणाली की, आपण फार दिवस जगणार नाही. आपल्या घरातील माणसे आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने तरुणपणीच जातात आणि आपलीही तीच गत होणार. ती त्या वेळी आजारी नव्हती. कोणत्याही वैद्याने तिला तसे सांगितले नव्हते. घरातील तिरड्या मोजून तिने आपले गणित मांडले होते.

अशा वेळी वैद्य बहुधा धीर देतो आणि विषय बदलतो. वॉर्थिन यांनी तसे केले नाही. त्यांनी तिचे म्हणणे खरे धरले आणि तिलाच कामाला लावले. कोण कोणाचा मुलगा, कोणाला कोणत्या वयात काय झाले, याची माहिती तिने नातलगांकडून मिळवून त्यांना द्यावी असे ठरले. तिचे आजोबा जर्मनीतून मिशिगनात येऊन स्थायिक झाले होते. त्यांच्यापासून खाली वंशवृक्ष उतरू लागला. १९१३ साली वॉर्थिन यांनी तो प्रसिद्ध केला. कर्करोगाने गेलेल्या त्या आजोबांच्या ४८ वंशजांपैकी १७ जण एक तर कर्करोगाने मरण पावले होते किंवा त्यांच्यावर त्यासाठी शस्त्रक्रिया झाली होती. वैद्यकाच्या ग्रंथांत या घराण्याला ‘जी कुटुंब’ असे नाव पडले. ती शिवणकाम करणारी बाई पन्नाशी गाठण्यापूर्वीच गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. तिचे भाकीत अक्षरशः खरे ठरले.

भाकीत खरे ठरले, तथापि त्याचा स्वीकार झाला नाही. त्याच १९१३ साली न्यू यॉर्क येथे कर्करोगनियंत्रणासाठी एक अमेरिकन संस्था स्थापन झाली. लोक या रोगाला इतके भीत असत की गाठ लागली तरी वैद्याकडे जात नसत. हा रोग संसर्गाने होत नाही आणि वंशपरंपरेची धास्ती घेण्याचे कारण नाही, असे सांगून लोकांच्या मनातील भय घालवावे, असा त्या काळच्या प्रचाराचा रोख होता. हेतू चांगला होता. बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ते म्हणणे आजही बरेचसे खरे आहे, कारण बहुतेक कर्करोग आईबापांकडून आलेले नसतात. परंतु ज्या थोड्या घराण्यांत ते खरे नव्हते, त्यांच्या कानांवर हा दिलासा कसा पडला असेल? डोळ्यांसमोर घडते ते खोटे, असेच जणू त्यांना सांगण्यात येत होते. दुसरीकडे खुद्द वॉर्थिन उत्तरायुष्यात सुप्रजननवादाकडे झुकले. सदोष रक्ताची वाढ होऊ नये, या मताचा त्या काळी मोठा बोलबाला होता. म्हणजे एका बाजूने ‘तुमची भीती निराधार आहे’ आणि दुसऱ्या बाजूने ‘तुमचे रक्तच वाईट आहे’, या दोन वाक्यांच्या कैचीत ही माणसे सापडली. अशा स्थितीत घराण्यांनी गप्प बसणे पसंत केले, यात नवल नाही. मुलीचे लग्न जमेपर्यंत आईचा आजार झाकून ठेवायचा, ही रीत काही एकाच देशाची नव्हे.

सुशिक्षितही या मौनातून सुटले नव्हते. पॅरिसचे विख्यात शस्त्रवैद्य पॉल ब्रोका यांनी १८६६ साली आपल्या ग्रंथात एका घराण्यातील अनेक पिढ्यांच्या स्त्रियांना झालेल्या स्तनाच्या कर्करोगाची नोंद केली. मूळ स्त्रीचा उल्लेख त्यांनी ‘मादाम झेड’ एवढाच ठेवला. ते घराणे त्यांच्या स्वतःच्या पत्नीचे होते, असे पुढे अभ्यासकांनी म्हटले आहे. शास्त्र म्हणून जे छापून काढता आले, ते घरचे म्हणून सांगणे त्यांनाही जड गेले असावे.

वॉर्थिन १९३१ साली निवर्तले. त्यानंतरची तीस वर्षे हा विषय जवळजवळ पडून राहिला. त्याला पुन्हा तोंड फुटले ते १९६२ साली, नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरी. हेन्री लिंच नावाचे डॉक्टर तेथे शिक्षण घेत होते. तरुणपणी त्यांनी मुष्टियुद्धाचा व्यवसाय केला होता, आणि हाती घेतलेली गोष्ट न सोडण्याचा स्वभाव त्यांनी तेथूनच आणला असावा. अतिमद्यपानामुळे भ्रमिष्ट होऊन नुकताच सावरलेला एक रोगी त्यांच्यासमोर आला. इतके का पितोस, असे विचारता त्याने उत्तर दिले की, आमच्या घरात सगळेच कर्करोगाने मरतात आणि मीही तसाच मरणार आहे, म्हणून पितो.

शिवणकाम करणारी बाई आणि हा दारुडा, या दोघांमध्ये ६७ वर्षांचे अंतर आहे. पण दोघांचे वाक्य एकच आहे. फरक आहे तो त्या वाक्याचे पुढे काय केले यात. तिने ते वाक्य ऐकून घेणाऱ्या माणसापाशी उच्चारले आणि हाती कागद घेतला. त्याचे कोणी ऐकले नव्हते, म्हणून त्याने हाती पेला घेतला.

लिंच यांनी त्याचे ऐकले. ॲन क्रश या समाजसेविकेला बरोबर घेऊन त्यांनी त्या रोग्याच्या आप्तांची गावे पालथी घातली. १९६६ साली त्यांनी अशा दोन मोठ्या घराण्यांची माहिती प्रसिद्ध केली. ती वाचून वॉर्थिन यांच्या जागी आलेल्या जेम्स फ्रेंच यांनी ‘जी कुटुंबा’ची जपून ठेवलेली टिपणे लिंच यांच्या स्वाधीन केली, आणि १९७१ साली त्या घराण्याचा पाऊणशे वर्षांचा वृत्तांत पुरा झाला. तरीही अनेक शास्त्रज्ञांना हा केवळ योगायोग वाटे. एका घरातील माणसे एकच अन्न खातात, एकाच हवेत राहतात, असे ते म्हणत. लिंच यांचे संशोधनासाठी द्रव्य मागणारे अर्ज नामंजूर होत राहिले.

लिंच आणि क्रश यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी वंशवृक्षाबरोबर माणसांची मनेही पाहिली. कर्करोगग्रस्त घराण्यातील माणसे या रोगाकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, यावर त्यांनी १९६५ सालीच लिहिले. तेव्हापासून आजवर अशा घराण्यांशी बोलणाऱ्या वैद्यांना आणि सल्लागारांना काही वृत्ती पुनःपुन्हा आढळत आल्या आहेत. त्या कोणत्याही देशातील घराला ओळखीच्या वाटाव्यात अशा आहेत.

पहिली वृत्ती वयाची. आई ज्या वयात गेली ते वय जसजसे जवळ येते, तसतशी मुलीची झोप उडते. ते वर्ष सरले की तिला वाटते, आपण सुटलो. दोन्ही भावना खऱ्या असतात, पण रोगाला वाढदिवस कळत नाही. दुसरी वृत्ती चेहऱ्याची. कोणाला रोग येणार, हे घरातील माणसे मनात आधीच ठरवून टाकतात. जो मुलगा बापासारखा दिसतो, बापासारखा चालतो, तोच बापाच्या रोगाचा वारस, असे न बोलता ठरते. आणि तो बिचाराही त्या समजुतीखाली वाढतो. वस्तुतः नाक कोणाचे आले यावरून रोग कोणाचा आला हे समजत नाही. तिसरी वृत्ती टाळण्याची. पोटात दुखले तरी सांगायचे नाही, कारण सांगितले की तपासणी आली आणि तपासणी आली की निकाल आला. जो मनुष्य सर्वांत अधिक भितो, तोच वैद्यापासून सर्वांत दूर पळतो.

हे सारे घडत होते ते लेख अस्पष्ट असताना. १९९३ साली तो स्पष्ट वाचता येऊ लागला. अमेरिका आणि फिनलंड येथील शास्त्रज्ञांच्या परिश्रमातून दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरील एक जनुक सापडले. त्याचे काम वृत्तपत्राच्या कचेरीतील मुद्रितशोधकासारखे आहे. शरीरातील पेशी दुभंगताना तिच्यातील सबंध मजकुराची नवी प्रत निघते आणि त्या प्रतीत चुका राहतात. त्या शोधून दुरुस्त करणारी यंत्रणा हे जनुक आणि त्याचे सोबती चालवतात. हे जनुक जन्मतः एका बाजूने निकामी असले आणि पुढे एखाद्या पेशीत दुसऱ्या बाजूनेही निकामी झाले, तर त्या पेशीत चुकांचा ढीग साचत जातो आणि अखेर कर्करोग उद्भवतो. २००० साली ‘जी कुटुंबा’तील नेमका दोषही याच जनुकात सापडला. शिवणकाम करणाऱ्या बाईला जे जाणवले होते, त्याचा पुरावा १०५ वर्षांनी हाती आला. या विकाराला आज ‘लिंच विकार’ म्हणतात, आणि सुमारे तीनशे माणसांत एकाला तो जन्मतः असावा असा अंदाज आहे.

तथापि येथे एक भेद नीट ध्यानी घेतला पाहिजे. सदोष जनुक असणाऱ्या आईकडून किंवा बापाकडून ते प्रत्येक अपत्याला येण्याचा संभव निम्मा असतो, आणि ज्याला ते आले त्यालाही रोग होईलच असे नाही. रक्ताच्या तपासणीने धोका कळतो. मरणाची तारीख कळत नाही. सटवाईच्या लेखात आणि जनुकाच्या लेखात हा मोठा फरक आहे. पहिल्यात निकाल असतो, दुसऱ्यात इशारा असतो. परंतु भ्यालेल्या मनाला दोन्ही सारखेच वाचू येतात.

म्हणूनच तपासणी निघाली तेव्हा पुष्कळांना चिंता वाटली की, निकाल ऐकून माणसे खचतील. अमेरिकेत कॅरिन लर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष घराण्यांत जाऊन याचा शोध घेतला. लिंच विकार असलेल्या चार मोठ्या घराण्यांतील २०८ माणसांना ही तपासणी देऊ केली, तेव्हा ९० जणांनी निकाल घेतला आणि ११८ जणांनी नाकारला, असे १९९९ साली त्यांनी नोंदवले. म्हणजे दार उघडे असूनही निम्म्याहून अधिक माणसे उंबऱ्यावरून परत फिरली, आणि ज्यांचे मन आधीच खिन्न होते ती अधिक फिरली.

परत फिरलेल्यांचे मन शांत राहिले काय? १९९८ सालचा त्यांचाच दुसरा अभ्यास स्तन व बीजकोश यांच्या आनुवंशिक कर्करोगाच्या घराण्यांचा आहे. ज्यांच्या मनावर आधीपासून मोठा ताण होता, अशांपैकी ज्यांनी निकाल नाकारला त्यांच्यातील खिन्नतेचे प्रमाण महिनाभरात शेकडा २६ वरून ४७ वर गेले. ज्यांना ‘दोष नाही’ असे कळले त्यांची खिन्नता कमी झाली. आणि ज्यांना ‘दोष आहे’ असे कळले, त्यांच्यात ती वाढलेली आढळली नाही. भल्याभल्यांचा अंदाज येथे चुकला. वाईट बातमी माणसाने पेलली. बातमीची वाट पाहणे मात्र त्याला पेलेना.

यावरून प्रत्येकाने तपासणी करून घ्यावीच, असा अर्थ कोणी काढू नये. नकारालाही कारणे असतात आणि ती सगळी भित्रेपणाची नसतात. नोकरी जाईल, विमा मिळणार नाही, ही भीती अमेरिकेत इतकी खरी होती की २००८ साली त्यासाठी कायदा करावा लागला. आणि त्या कायद्याने आरोग्यविम्याला व नोकरीला संरक्षण दिले तरी आयुर्विम्याला दिले नाही. शिवाय चांगला निकालही प्रत्येक वेळी सुखाचा नसतो. दोन बहिणींपैकी एकीला दोष निघाला आणि दुसरीला नाही, तर सुटलेली बहीण कित्येकदा अपराध्यासारखी वागते. लवकर मरायचे म्हणून ज्याने संसार मांडला नाही, शिक्षण अर्धे सोडले, त्याला चाळिसाव्या वर्षी कोणी सांगितले की तू इतरांसारखाच आहेस, तर गेलेली वर्षे त्याने कोणाकडे मागावी?

मग माणसाला हे ज्ञान सोसते केव्हा? इतिहास पाहता दोन गोष्टी दिसतात. पहिली, ज्ञानाबरोबर करण्यासारखे काही असावे लागते. नेपोलियनच्या मुलाला सावध राहा म्हणून सांगून भागणारे नव्हते, कारण सावध राहून करायचे काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आज तसे नाही. फिनलंडमध्ये २२ घराण्यांतील २५२ माणसांवर १५ वर्षे नजर ठेवण्यात आली. ज्यांच्या मोठ्या आतड्याची दर तीन वर्षांनी दुर्बिणीने तपासणी होत होती, त्यांच्यात त्या आतड्याचा कर्करोग शेकडा ६२ ने कमी झाला आणि त्या रोगाने एकही मृत्यू झाला नाही. तपासणी न करणाऱ्यांत नऊ मृत्यू झाले. हा वृत्तांत २००० साली प्रसिद्ध झाला. लिंच विकाराच्या ८६१ माणसांवर झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, दोन वर्षे नियमाने ॲस्पिरिन घेणाऱ्यांत पुढील दीर्घ काळात हा कर्करोग शेकडा ९ जणांना झाला, तर न घेणाऱ्यांत शेकडा १३ जणांना झाला. साधी, जुनी, स्वस्त गोळी. अर्थात ती घ्यायची तीही वैद्याच्याच सल्ल्याने. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही आनुवंशिक कर्करोगासाठी स्वतंत्र चिकित्सालय आहे. तेथील सल्ल्याची सुरुवातही वंशवृक्षापासूनच होते.

दुसरी गोष्ट सोबतीची. लिंच यांनी पुढे एक पद्धत पाडली. एखाद्या घराण्याची माणसे त्यांच्याच गावी एकत्र बोलवावी, सर्वांना एकदम सगळे समजावून सांगावे आणि मग ज्याला हवे त्याच्याशी एकट्याने बोलावे. वर्षानुवर्षे एकमेकांपासून जे लपवले, ते चुलत-मावस भावंडे एका खोलीत बसून ऐकत. एकट्याने ऐकलेला लेख शापासारखा वाटतो. दहा जणांनी मिळून ऐकला की तो कामाचा कागद होतो: कोणी कोणत्या वर्षी तपासणी करायची, धाकट्यांना केव्हा सांगायचे, कोणाला दवाखान्यात कोणी न्यायचे.

‘जी कुटुंबा’चे ज्ञात वंशज एकविसाव्या शतकाच्या आरंभी नऊशेहून अधिक झाले होते. त्यांपैकी ॲमी मॅके या लेखिका आहेत. त्यांनाही हा दोष वारशाने आला. २०१९ साली त्यांनी या घराण्याची कथा ग्रंथरूपाने लिहिली. ज्या कुळाचे नाव वैद्यकाच्या नियतकालिकांनी शतकभर एका अक्षराआड झाकले होते, त्याची हकीकत त्याच कुळातील मुलीने आपल्या नावानिशी सांगितली.

त्या शिवणकाम करणाऱ्या बाईला स्वतःला या सगळ्याचा काडीचाही लाभ झाला नाही. आपण लवकर जाणार हे तिला ठाऊक होते, आणि ती तशीच गेली. मध्यंतरी तिने एवढेच केले की, नातलगांच्या घरोघरची माहिती मिळवून ती लिहून दिली. अशी विचारपूस सोपी नसते. कोणी दार लावून घेते, कोणी मेलेल्यांची नावे कशाला काढतेस म्हणून रागावते. पण तिने मिळवलेल्या त्या नावांवरूनच वंशवृक्ष उभा राहिला, आणि तिच्या भावंडांच्या पणतवंडांना आज तपासणीची तारीख ठरवता येते. आपल्या घरातही कोण कशाने गेले हे सांगणारी एखादी म्हातारी आत्या किंवा मावशी असते. तिचे बोलणे अशुभ मानून तिला गप्प बसवण्याचा प्रघात आहे. ती आहे तोवर एखाद्याने वही घेऊन तिच्याजवळ बसावे.